साताऱ्याच्या फणीतल्या लिखा

विठ्ठलराव हल्याळकर वकील तुम्हाला पहिल्यांदा भेटले तर ते तुमचं नाव विचारणार नाहीत. "मूळचे कुठले?" एवढंच विचारतील. तुम्ही "हुबळीचाच" म्हणालात तर ते हसतील. रोज दोन डब्या तंबाखू खाणारा पेशंट "नाही हो, कधीतरी" म्हणतो तेव्हा डॉक्टर हसतो, तसं. आणि म्हणतील, "ते आत्ताचं झालं. त्याच्या आधी?" तुम्ही बेळगाव म्हणालात तर "त्याच्या आधी?" कोल्हापूर म्हणालात तरी "त्याच्या आधी?" असं माणसाला ढकलत ढकलत ते कृष्णेच्या पलीकडे नेतात. तिथं ते स्वतः आधीच येऊन उभे असतात. "आम्ही मूळचे साताऱ्याचे!"

हुबळी-धारवाडच्या आम्हा मराठी माणसांना हा मूळ नावाचा जंत लहानपणीच होतो आणि कुठल्याच गोळीनं पडत नाही. तीन-चार पिढ्या इथलं पाणी प्यायलो, इथल्या जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलो, भांडताना कन्नड, भाजी घेताना कन्नड, ठेच लागली की "अय्यो"सुद्धा कन्नड. पण मूळ विचारलं की आमची मान उत्तरेला वळते. बाकीच्यांच्या पोटात हा जंत गुपचूप पडून असतो. विठ्ठलरावांनी तो पाळलेला होता. त्याला दूध पाजत होते.

साताऱ्याला ते आयुष्यात एकदाच गेले. पुण्याला जाताना बस थांबली म्हणून उतरले, कंदी पेढा खाल्ला, "आपल्या धारवाडच्या लाइन बाजारच्या पेढ्याची सर नाही" म्हणाले आणि परत बसमध्ये जाऊन बसले. पूर्वजांच्या भूमीला त्यांनी दिलेला एकूण वेळ तेवढाच. आडनाव हल्याळकर, आणि हल्याळ तर इथून हाकेच्या अंतरावर, हे कोणी दाखवून दिलं की ते म्हणत, "ते वाटेतलं आडनाव आहे. मूळचं वेगळं." मूळचं कोणतं, ते मात्र संशोधनाचा विषय आहे असं सांगत. संशोधन चाळीस वर्षं चालू होतं आणि ते सगळं देशपांडे नगरातल्या त्यांच्या दिवाणखान्यात, आरामखुर्चीत बसून, डोळे मिटून चालत असे.

वकिली त्यांनी जमिनीच्या दाव्यांची केली. कुठल्या तुकड्यावर कोणाच्या पणजोबाचा हक्क हे शोधून काढण्यात जन्म गेला. त्यामुळे एक वाक्य कायम तोंडात. "पुरावा असेल तर मी माझ्या बापाचंही ऐकणार नाही." बाप बिचारा केव्हाच गेला होता, त्यामुळे हे वाक्य बोलायला सोपं होतं.

त्यांचा स्वतःचा पुरावा देवघरात होता. चांदीच्या डबीत, रेशमी चिंधीत गुंडाळलेली एक फणी. दोन्ही बाजूंनी बारीक दाते, रंग पिवळट, आणि दातांच्या मुळाशी काळपट काहीतरी घट्ट बसलेलं. विठ्ठलराव सांगत, की साताऱ्याच्या राणीसाहेबांनी आमच्या मूळपुरुषाच्या पत्नीला ही हस्तिदंती फणी स्वहस्ते दिली, आणि ती लेवूनच ते जोडपं दक्षिणेत उतरलं. फणी लेवून माणूस कसा उतरतो, हे विचारायची सोय नव्हती. गौरीच्या सणाला ती बाहेर निघे. घरच्या सुनेच्या केसांतून ती एकदा फिरवायची, हळदकुंकू वाहायचं, परत डबीत. पाणी लावायचं नाही. "आणि घरच्या सुनेखेरीज दुसऱ्या कोणाच्या केसाला ती आजवर लागलेली नाही," हे विठ्ठलराव प्रत्येक पाहुण्याला सांगत. दातांमधल्या काळपट थराला ते "तेज" म्हणत.

आता त्यांची मुलगी स्मृती. ही बंगळूरला संशोधन करते. कशावर, ते सांगताना विठ्ठलरावांचा आवाज एकदम खाली यायचा. माणसाच्या अंगावर आणि पोटात फुकट राहणारे जे जीव असतात, म्हणजे उवा, जंत आणि तत्सम मंडळी, ती माणसाबरोबर कुठून कुठं गेली हे स्मृती शोधते. त्यासाठी जुन्या वस्त्या उकरतात, तिथल्या संडासांची माती आणतात, त्यातली जंतांची अंडी वेचतात आणि त्यांचा डीएनए वाचतात. मुलगी काय करते असं कोणी विचारलं की विठ्ठलराव म्हणत, "प्राचीन राजवाड्यांवर काम चालू आहे." खोटं नव्हतंच. राजवाड्याच्या कुठल्या खोलीवर, एवढंच ते सांगत नसत.

तर या स्मृतीनं आपलं लग्न ठरवलं. मुलगा संतोष. अळणावरजवळच्या खेड्यातला, मराठी शेतकरी घरातला, जनावरांचा डॉक्टर. दोघांची ओळख एका गोठ्यात झाली. ती शेणाचे नमुने घ्यायला गेली होती, तो म्हशीला जंताचं औषध पाजायला आला होता. ती त्याला म्हणाली, "थांबा, आधी मला जंत बघू द्या, मग मारा." एखाद्या माणसानं आयुष्यभर कोणाची तरी वाट बघावी आणि ती गोठ्यात भेटावी, असं संतोषला त्या क्षणी झालं म्हणे.

विठ्ठलरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मूळ काय त्यांचं?"

"अप्पा, ते तिथलेच आहेत."

"तिथलेच म्हणजे? झाडं तिथलीच असतात. घराणी कुठून तरी आलेली असतात. हे बघ, तू सज्ञान आहेस, लग्न कर. कायदा तुला अडवत नाही. पण ज्या घराला मूळ नाही त्या घराच्या मांडवात मी उभा राहणार नाही. माझी खुर्ची रिकामी राहील."

स्मृतीला ती खुर्ची भरलेली हवी होती. लहानपणी याच बापाच्या स्कूटरवर पुढं उभी राहून ती उणकल तळ्यावर जायची आणि बाटलीतून बेडकाची पिल्लं घेऊन यायची. बापाच्या कोटाच्या खिशात एकदा बाटली सांडली, तरी कोर्टात ते तोच ओला कोट घालून उभे राहिले होते. त्यामुळे ती चिडली, रडली, पण "नसलात तर नसा" असं काही तिच्या तोंडून निघेना.

हे सगळं चाललं होतं गौरीच्या सुट्टीत. दुसऱ्या दिवशी अनसूयाबाईंनी, म्हणजे स्मृतीच्या आईनं, पूजेसाठी फणी बाहेर काढली. स्मृतीनं ती लहानपणापासून पाहिलेली होती, पण संशोधक झाल्यावर प्रथमच. तिनं पर्समधून भिंग काढलं, फणी उजेडात धरली आणि ओरडली.

"आई! ह्या लिखा आहेत!"

"हळू बोल, पूजा चालली आहे," अनसूयाबाई म्हणाल्या.

विठ्ठलराव आरामखुर्चीतून उठले. "राणीसाहेबांच्या फणीत लिखा? तेज आहे ते!"

"तेज नाही हो अप्पा, उवांची अंडी आहेत. थरावर थर. अहाहा, काय सुरेख टिकली आहेत!" मुली दागिन्यांच्या दुकानात ज्या सुरात बोलतात त्या सुरात ती बोलत होती. "तुम्हाला माहिती आहे? ऊ अंडं केसाला चिकटवते तेव्हा जो डिंक सोडते ना, त्यात त्या माणसाच्या कातडीचे कण अडकतात. शेकडो वर्षं टिकतात. दक्षिण अमेरिकेत दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या केसांतल्या लिखांवरून ती माणसं मूळची कुठून आली ते शोधलंय."

शेवटच्या वाक्यातला 'मूळची' हा शब्द विठ्ठलरावांच्या कानात पडला. बाकीचं वाक्य कुठं गेलं ते कोणालाच कळलं नाही.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "लीख ही साक्षीदार आहे."

"तसं म्हणायचं तर हो. ऊ माणसाच्या डोक्याशिवाय एक-दोन दिवसांच्या वर जगत नाही. माणूस चालला की ती चालली. पण अप्पा, उवेवर पत्ता लिहिलेला नसतो. सातारा-बितारा असं नाही सांगता येत. ढोबळ कळतं. आणि तेही आईकडच्या बाजूनं जास्त."

हे त्यांनी ऐकलं नाही. ते उठून आरशासमोर गेले आणि आपल्या टकलाकडे प्रथमच थोड्या नापसंतीनं बघू लागले. तिथं आता एकही साक्षीदार राहण्यासारखा नव्हता.

त्या दिवसापासून विठ्ठलराव बदलले. ज्या माणसाला मुलीच्या विषयाचं नाव घ्यायची लाज वाटत होती तो उवांवर बोलायचा थांबेना. आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत वर्गणीचा विषय चालला असताना त्यांनी उठून सांगितलं, की कपडे घालायला लागल्यावर माणसाची एक ऊ डोक्यावरून कपड्यात उतरली, त्यामुळे माणूस कपडे कधी घालू लागला हे उवेवरून कळतं. पुढं ते असंही म्हणाले, की माणसाची आणखी एक ऊ गोरिलाकडून आलेली आहे, पण ती कुठल्या भागातली ते महिला उपस्थित असल्यामुळे सांगत नाही. मंडळाचे चिटणीस प्रभंजन यांनी इतिवृत्तात "वकीलसाहेबांनी उद्बोधक विचार मांडले" असं लिहिलं आणि पंखा मोठा केला.

इतरांच्या उवा त्या उवा. आपल्या मात्र "आमच्या उवा". त्यात एक मानाचा सूर होता. हळूहळू ऐकणाऱ्याला असं वाटायला लागे, की साताऱ्याच्या गादीपाशी त्या उवांना तलवार आणि पालखी होती.

शेजारचे दंतवैद्य सुधींद्र आचार्य कन्नड माणूस, पण मराठी आमच्यापेक्षा बरं बोलतात. ते रोज सकाळी कुंपणापाशी उभे राहून विचारत, "एन्री वकीलर, निम्म हेनु एन हेळताव री?" काय वकीलसाहेब, तुमच्या उवा काय म्हणताहेत? विठ्ठलराव गंभीरपणे सांगत, "साक्ष अजून व्हायची आहे."

आणि मग एक दिवस त्यांनी स्मृतीपुढं प्रस्ताव ठेवला. वकिली भाषेत, पाठीमागं हात बांधून.

"ही फणी मी तपासणीला देतो. पण तू हात लावायचा नाहीस, तू पक्षकार आहेस. तुझ्या सहकाऱ्यांनी तपासायची. त्या संतोषच्या घरचीही एक जुनी फणी आणायची. आमच्या फणीतून आमचं एकजात, शुद्ध, बाहेरून आलेलं घराणं सिद्ध झालं आणि त्यांच्यातून नाही झालं, तर मी मांडवात नाही हे तू मुकाट्यानं मान्य करायचंस. रडायचं नाही."

"आणि उलटं झालं तर?"

"उलटं होणारच नाही."

"अप्पा, झालं तर?"

"पुरावा असेल तर मी माझ्या बापाचंही…" इथं ते थांबले. आपण आता स्वतःच बाप आहोत हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "झालं तर मांडवात सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसेन."

फणी द्यायच्या दिवशी मात्र त्यांचा जीव होईना. ते स्वतः बंगळूरला यायला निघाले. स्मृतीनं समजावलं, की तिथं पांढरे झगे, मुखवटे, दोन-दोन हातमोजे घालून माणसं आत जातात, कारण आजच्या माणसाचा एक कण पडला तरी जुना डीएनए झाकला जातो.

"मी कुठं काय करणार आहे? कोपऱ्यात उभा राहीन."

"तुमचा कोंडा पडेल, अप्पा."

"मला केसच नाहीत!"

"म्हणून तर तो थेट पडेल."

शेवटी डबीला शाल गुंडाळून, वर नारळ ठेवून त्यांनी फणी सुनेसारखी पाठवली. नारळ बसस्टँडवरच अनसूयाबाईंनी काढून घेतला. त्याची चटणी झाली.

निकालाला बरेच महिने लागले. विठ्ठलराव त्या काळात रोज फोन करत. "लागला का?" जिल्हा न्यायालयात तीस वर्षं तारखांवर तारखा घेतलेल्या माणसाला विज्ञान उशीर लावतंय असं वाटत होतं!

शेवटी एका रविवारी स्मृती फणी घेऊन आली. बरोबर संतोषही होता, तो दाराजवळच्या स्टुलावर अवघडून बसला. विठ्ठलरावांनी साक्षीला सुधींद्र आणि प्रभंजन यांना बोलावलं होतं. अनसूयाबाईंनी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी केली होती. निकाल काहीही लागो, भजी गरम असताना खावीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

"पहिलं म्हणजे," स्मृती म्हणाली, "फणी हस्तिदंती नाही. हाड आहे. म्हशीचं."

सुधींद्रांचा हात भज्यावरच राहिला.

"कुठली म्हैस?" विठ्ठलरावांनी विचारलं. सवयीनं पुढं म्हणाले, "मूळची कुठली?"

"ते नाही कळलं."

"धारवाडी असेल," संतोष स्टुलावरून म्हणाला. आज त्याचं हे पहिलंच वाक्य. "चांगली जात आहे सर. काटक असते."

विठ्ठलरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुढचा अर्धा तास भजीसुद्धा आवाज न करता खात होता.

"दुसरं," स्मृती म्हणाली. "अप्पा, तुम्ही म्हणता फणी फक्त घरच्या सुनांची. सुना बाहेरून आलेल्या. तेव्हा फणीत हल्याळकरांचं काही असायचंच नाही, दुसऱ्यांच्याच लेकी असणार. हे मी तुम्हाला आधीच सांगणार होते, पण तुम्ही आरशापुढं उभे होतात."

"ते असू दे. सुना तर उत्तरेकडच्या निघाल्या ना?"

"तीच गंमत आहे. जेवढ्या लिखा तपासल्या तेवढ्यांत वेगवेगळ्या बायका निघाल्या. आईकडून येणारा धागा प्रत्येकीचा वेगळा. तुमच्या साताऱ्यापासूनच्या सगळ्या पिढ्यांच्या सगळ्या सुना धरल्या तरी इतक्या होत नाहीत. ही एका घराण्याची फणी नाही. अर्धा मुलूख आहे ह्यात."

"अशक्य!" विठ्ठलराव उभे राहिले. "नमुन्यात भेसळ झाली आहे! तुमच्या त्या झगेवाल्यांचा कोंडा पडला आहे!"

"आजचे नाहीत ते, अप्पा. जुनेच आहेत."

मग विठ्ठलराव हल्याळकर यांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच उलटतपासणी सुरू केली. साक्षीदार, त्यांची पत्नी. ती हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"अनसूया, तू ह्या घरात आल्यापासून ही फणी कोणाच्या ताब्यात आहे?"

"माझ्या. तुमच्या ताब्यात चष्मा तरी राहतो का?"

"फक्त हो किंवा नाही."

"मग हो."

"घरच्या सुनेखेरीज इतर कोणाच्या केसांतून ही फणी फिरलेली आहे?"

"हो."

"हो? हो म्हणजे?"

"तुम्हीच म्हणालात, फक्त हो किंवा नाही."

प्रभंजन खोकले. सुधींद्रांनी पंख्याकडे बघायला सुरुवात केली. विठ्ठलरावांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "सविस्तर सांग."

"त्यात सविस्तर काय सांगायचं? गौरी म्हणजे माहेरी आलेली लेक. त्या दिवशी दारात जी बाई येईल ती गौरीच. बांगड्यावाली असो, लोणीवाली असो, धुणी नेणारी असो. तिला आत बसवायचं, वेणीफणी करायची, कुंकू लावायचं, मगच पाठवायचं. कोरड्या केसानं पाठवायचं नाही. सासूबाईंनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. हल्याळला राहत होते तेव्हा तर अळणावरकडून लोणी घेऊन बायका यायच्या, त्या मुद्दाम गौरीच्या दिवशी यायच्या म्हणे. लोणी विकायचं आणि केस विंचरून घ्यायचे."

"राणीसाहेबांची फणी तू लोणीवालीच्या डोक्याला लावलीस?"

"मी नाही, सासूबाईंनी. मी बांगड्यावालीला लावली. शांता तिचं नाव. गुडघ्यापर्यंत केस होते हो तिचे, हात फिरवावासा वाटायचा."

"आणि मला हे आजपर्यंत माहीत नाही? मी ह्याच घरात असतो!"

"असता. झोपलेले असता. गौरीला पाच पुरणपोळ्या, वर कटाची आमटी, की तुम्ही जे आडवे होता ते दिवेलागणीला उठता. तुमचे वडीलही तसेच. आजोबाही तसेच असतील. हल्याळकरांच्या घरात गौरी बायकांनी केली आणि पुरुषांनी पचवली."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही सगळ्यांना मूळच विचारता."

पिढ्यान् पिढ्या जपलेली घराण्याची शुद्धता दुपारच्या झोपेत गेली होती. ज्या वेळी आपण साताऱ्याचं स्वप्न बघत होतो त्या वेळी पलीकडच्या खोलीत सगळा तालुका वेणी घालून बसला होता, हे पचवायला पाच पुरणपोळ्या पचवणारं पोटही कमी पडलं.

"तिसरं राहिलं," स्मृती जरा दबकत म्हणाली. "संतोषच्या आईच्या घरची लाकडी फणी पण तपासली. तिच्यावरच्या उवा आणि आपल्या फणीवरच्या उवा एकाच खानदानाच्या आहेत. त्यातून फार काही सिद्ध होत नाही हं, ह्या भागात बऱ्याच घरांत तेच निघेल. पण आहेत."

सुधींद्रांना आता राहवेना. "अंद्र, सोयरीक आगले आगेद री!" म्हणजे सोयरीक आधीच झालेली आहे! "वकीलसाहेब, तुमच्या उवांनी तुम्हाला न विचारता मुहूर्त काढला की!"

प्रभंजन इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. विठ्ठलराव मात्र हसले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "ह्या निकालाविरुद्ध मी अपील करणार आहे."

"कुठं?" अनसूयाबाईंनी विचारलं.

उवांचं वरचं न्यायालय कुठं भरतं ते कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

मग सुरू झाला अबोला. लग्नाची तारीख ठरली, मांडव संतोषच्या गावात. विठ्ठलराव आरामखुर्चीत. दाजीबानपेठेतून साड्या आल्या, विठ्ठलराव आरामखुर्चीत. पत्रिकेवर त्यांचं नाव छापलं, त्यांनी ती उलटी करून मागची कोरी बाजू वाचली. कोणी आलं की "अपिलाचा अभ्यास चालू आहे" म्हणत. आपणच लावलेली पैज, आपणच घातलेली अट, आपणच बोलावलेले साक्षीदार. आता मोडायची कशी? आणि पाळायची तर चाळीस वर्षं ज्यांना ज्यांना कृष्णेपलीकडे नेऊन सोडलं ते सगळे तिथं उभे राहून हसणार! एवढ्या मोठ्या माणसाची एवढ्याशा लिखेनं केलेली ही अवस्था बघून कोणालाही कीव आली असती. मला फारशी आली नाही. मलाही त्यांनी दोनदा कोल्हापुरापर्यंत ढकललेलं होतं.

स्मृती रोज संध्याकाळी फोन करायची. "अप्पा येणार का?" अनसूयाबाई म्हणायच्या, "बघू." त्या "बघू"मध्ये कालच्यापेक्षा आज काही वेगळं आहे का, ते ती ऐकत राहायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी अनसूयाबाईंनी चांदीची डबी उघडली. प्रयोगशाळेला हवं ते सगळं काढून झालं होतं, म्हणून स्मृतीच्या सांगण्यावरून त्यांनी फणी शिकेकाईच्या कोमट पाण्यात बुडवली आणि ब्रशनं घासली. एवढ्या पिढ्यांचं तेज मोरीतून गेलं. फणी पांढरीशुभ्र निघाली. इतकी सुंदर ती विठ्ठलरावांनी कधीच पाहिली नव्हती, आणि हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"ही कुठं निघाली?"

"लग्नाला. विहीणबाईंची वेणीफणी करायची आहे. उद्या त्यांच्या दारात मी गौरी, माझ्या हातात त्या गौरी."

"ती फणी पुरावा आहे. अपील चालू असताना पुरावा माझ्या ताब्याबाहेर जाऊ शकत नाही."

"मग या की बरोबर," अनसूयाबाई म्हणाल्या आणि डबी त्यांच्या मांडीवर ठेवली.

असे विठ्ठलराव हल्याळकर पुराव्याचे रखवालदार म्हणून मुलीच्या लग्नाला गेले. गाडीत पूर्ण वेळ डबी मांडीवर. अळणावर फाट्याला सगळे चहाला उतरले, हे उतरले नाहीत.

मांडवात गेल्यावर अनसूयाबाईंनी डबी घेतली, संतोषच्या आईला, राधाबाईंना, पाटावर बसवलं आणि त्यांचे केस सोडले. पाठीमागं गावातल्या बायकांची रांग लागली. हुबळीच्या वकिलांच्या घरची फणी म्हटल्यावर कोणाला नको? विठ्ठलराव पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीपाशी उभे राहिले. उभे. बसले नाहीत. बसणं म्हणजे निकाल मान्य.

संतोषचे वडील सटवाजी पटका सावरत आले, पाण्याचा तांब्या पुढं केला. विठ्ठलरावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आपण मूळचे कुठले?"

"इथलेच की."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी समोरच्या घरात होतो. ते पावसात पडलं. मग हे बांधलं." सटवाजी हसले. "आणि वकीलसाहेब, आपण मूळचे कुठले?"

आमच्या सगळ्यांच्या माना वळल्या. सुधींद्र अक्षता हातात धरून थांबले. राधाबाईंच्या केसांत अनसूयाबाईंचा हात थबकला. बोहल्याशेजारी मुंडावळ्या बांधून बसलेली स्मृती बापाकडे बघत होती. विठ्ठलरावांनी तोंड उघडलं. 'सा' हे अक्षर ओठांवर आलेलं मला दिसलं. त्यांनी फणीकडे पाहिलं, रांगेतल्या बायकांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग टक्कल खाजवलं.

"ते प्रकरण," ते म्हणाले, "सध्या न्यायप्रविष्ट आहे."

"असू द्या असू द्या," सटवाजी म्हणाले. त्यांना काही कळलं नव्हतं, पण पाहुणा अडचणीत आहे हे कळलं होतं. त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं खुर्ची झटकली. "तवर बसून घ्या."

विठ्ठलराव बसले. स्मृतीनं मान खाली घातली आणि मुंडावळ्यांच्या आड डोळे पुसले. भटजींनी अंतरपाट मागवला.

शेजारच्या खुर्चीवर गावातले एक म्हातारे पाहुणे होते. विठ्ठलराव त्यांच्याकडे वळले, घसा साफ केला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, ते मिटलं, आणि मोठ्या कष्टानं पुन्हा उघडलं.

"आपलं नाव काय?" त्यांनी विचारलं.